निव्वळचा रकाना

अंबडच्या शरदचंद्र सरांनी तीस वर्षांच्या मास्तरकीत वर्गात एकदाही 'मला माहीत नाही' असं म्हटलं नव्हतं. हे लोक सांगायचे तसे सर स्वतःही सांगायचे. आपलीच आरती आपण ओवाळणाऱ्याला गाव हसतं, पण सरांना हसायची सोय नव्हती, कारण गावातली निम्मी माणसं त्यांच्याच हाताखालून गणितात पास झालेली. १९९७ साली सर निवृत्त झाले. खिशातला लाल शाईचा पेन मात्र नोकरीवरच राहिला. घरी लग्नाची पत्रिका आली तरी सर आधी तिच्यातल्या चुकांवर लाल गोल करायचे आणि मग मुहूर्त बघायचे. त्यांच्या पत्नी, प्रेमलाबाई, असल्या पत्रिका पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून पिठाच्या डब्यामागं लपवायच्या.

सरांच्या साऱ्या विद्यार्थ्यांत त्यांचा जीव होता एकीवर. तिचं नाव बेबीनंदा. जन्मली तेव्हा दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'बेबी' लिहिलेलं होतं, आजीनं पाळण्यात 'नंदा' ठेवलं, आणि शाळेत घालताना तिच्या बापानं दोन्ही सांगून टाकलं, म्हणजे कुणालाच वाईट वाटायला नको. हा बाप म्हणजे पुंजाराम. अंकुशनगरच्या साखर कारखान्यात उसाच्या गाड्या वजन होतात त्या काट्यावर तो बसायचा. पोरीनं दहावीला गणितात दीडशेपैकी दीडशे मिळवले तेव्हा पुंजारामनं सरांच्या घरी उसाची अख्खी मोळी आणून टाकली होती. सर आठवडाभर ऊस खात होते आणि येईल-जाईल त्याला मार्क सांगत होते.

तीच बेबीनंदा १९९९च्या उन्हाळ्यात औरंगाबादहून इंजिनिअर होऊन आली आणि नोव्हेंबरात एक जाडजूड पुस्तक घेऊन सरांच्या ओसरीवर हजर झाली.

"सर, पुढं शिकायला अमेरिकेत अर्ज करायचाय. त्याच्या आधी जीआरई नावाची परीक्षा असते. इंग्रजीचं मी बघून राह्यले. पण गणितात एकाच जातीची गणितं माझी परत परत चुकतात."

"तुझी? गणितं?" सरांनी चष्मा पुसला. "दे इकडं."

परीक्षा एकवीस डिसेंबरला मुंबईत होती. अर्जांची मुदत जानेवारीत संपत होती, त्यामुळं दुसऱ्यांदा बसायला वेळच नव्हता. मार्क चांगले पडले तर तिकडचं विद्यापीठ फी माफ करणार होतं, नाहीतर पुंजारामच्या पगारात अमेरिका दिसणार होती ती नकाशातच. गणितं अठ्ठावीस, मिनिटं पंचेचाळीस, आणि सगळं कॉम्प्युटरवर. एकदा दिलेलं उत्तर परत बदलता येत नव्हतं. म्हणजे जे काही होतं ते या एकाच खेपेत.

चुकणारी गणितं होती लहान-मोठ्याची. डाव्या बाजूला एक राशी, उजव्या बाजूला एक. डावी मोठी असेल तर उत्तर 'ए', उजवी मोठी असेल तर 'बी', सारख्या असतील तर 'सी'. आणि दिलेल्या माहितीवरून ठरतच नसेल तर 'डी'.

हा शेवटचा पर्याय वाचून सरांच्या कपाळाला आठी पडली. "सांगता येत नाही? हे काय उत्तर झालं? मग परीक्षेला बसलीस कशाला, असं विचारतील ना उद्या!"

पहिलंच गणित त्यांनी बघितलं. दिलंय एवढंच, की क्ष हा य पेक्षा मोठा आहे. डावीकडं क्षचा वर्ग, उजवीकडं यचा वर्ग. कुठली बाजू मोठी?

"मोठ्याचा वर्ग मोठा," सर म्हणाले. "उत्तर ए. आठवीतलं पोरगं सांगेल."

"पुस्तकात मागं डी दिलंय, सर."

सरांनी मागचं पान उघडलं. खरोखरच डी होतं. सरांनी क्षणाचाही विचार केला नाही. खिशातला पेन काढला, डीवर काट मारली आणि बाजूला ठसठशीत लिहिलं : 'छपाईची चूक. उत्तर ए.' खाली सही.

आता वाचकांपैकी जो गणितात बरा असेल तो म्हणेल, मास्तरला उणे संख्या माहीत नव्हत्या काय? चांगल्या माहीत होत्या. पण तीस वर्षं सरांनी जी गणितं शिकवली त्यांत क्ष म्हणजे कधी मजूर असायचे, कधी मुलाचं वय, कधी शेताची लांबी. गणित सोडवून दोन उत्तरं यायची, एक धन आणि एक ऋण. मग सर फळ्याकडं बोट करायचे आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "वय ऋण नसतं, म्हणून हे उत्तर त्याज्य!" तीस वर्षं दर साली शंभरेक पोरांकडून सरांनी ऋण उत्तरावर काट मारून घेतली होती. हाताला अशी सवय लागली की डोकं मागं राहतं. उणे संख्या सरांना ओळखीची होती, पण तिला घरात घ्यायची असते हे ते विसरून गेले होते.

महिनाभर बेबीनंदा अंकुशनगरहून रोज सकाळच्या एसटीनं यायची आणि दुपारी परत जायची. बाकीची गणितं ती सरांच्याही आधी सोडवायची आणि सर कौतुकानं मांडीवर थाप मारायचे. पण लहान-मोठ्याच्या गणितांपाशी गाडी अडायची. डिसेंबरचा पहिला आठवडा संपेपर्यंत पुस्तकाच्या मागच्या पानांवर सात ठिकाणी लाल शाई झाली होती.

"अहो," प्रेमलाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "अमेरिकेचं पुस्तक. सात ठिकाणी चुकेल होय?"

"अमेरिकेतही माणसंच छापतात," सर म्हणाले.

बेबीनंदा खाली मान घालून वहीत काहीतरी खोडत होती.

परीक्षेला आठ दिवस राहिले आणि बेबीनंदा दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, आईला, कांताबाईला, ताप आहे, पोरगी घरात अडकलीय. सरांना कुठं धीर निघणार? त्यांनी रात्री काढून ठेवलेली वीस गणितं पिशवीत टाकली आणि सकाळी दहाच्या गाडीनं अंकुशनगर गाठलं.

गळीत हंगाम ऐन भरात होता. काट्यापासून पार रस्त्यापर्यंत उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, बैलांच्या घुंगरांचा आवाज आणि मळीचा तो नाकात बसणारा वास. सरांना बघून पुंजाराम खोलीतून धावत बाहेर आला आणि पाया पडला.

"सर, तुम्ही कशाला तरास घेतला? पोरगी उद्या येणारच व्हती. बसा, बसा. येवढ्या दोन गाड्या काढतो अन् मंग तुम्हाला घरी नेतो. चहा सांगू?"

सर खुर्चीवर बसले. समोर घड्याळासारखी भली मोठी तबकडी आणि तिच्यावर काटा. पुंजारामच्या पुढं पावत्यांचं बुक. प्रत्येक पावतीवर तीन रकाने : भरलेली, रिकामी, निव्वळ. भरलेल्या गाडीचं वजन पहिल्या रकान्यात जायचं. ऊस खाली करून गाडी परत आली की दुसरा रकाना भरायचा आणि मगच तिसरा.

पहिली गाडी भिवाची होती. आकाशाला टेकावी एवढी रचलेली. काटा थरथरत तेवीसशे दहा किलोवर थांबला. तिच्या मागं कचरूची गाडी, रचलेली बेताची. तिचा काटा एकवीसशे ऐंशीवर.

रिकाम्या हातानं बसणं सरांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, "म्हणजे ऊस भिवाचा जास्त."

पुंजाराम पावती फाडता फाडता म्हणाला, "सांगता येत न्हाई, सर."

सरांना वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. "अहो पुंजाराम, समोर दिसतंय. तेवीसशे दहा मोठे की एकवीसशे ऐंशी?"

"तेवीसशे धा मोठे. ते बराबर हाये. पर ऊस कुणाचा जास्त, ते आत्ता सांगता येत न्हाई."

"का येत नाही?"

"गाडी रिकामी होऊन यायचीये ना, सर."

सर तबकडीवरच्या काट्याकडं बघत बसले, पण त्यांना ते काही पटलं नव्हतं. पाऊण तासानं दोन्ही गाड्या ऊस टाकून परत काट्यावर आल्या. भिवाची गाडी जुन्या बांधणीची, लाकडी चाकांना लोखंडी धाव, ऊस रचायचं साटं जड सागाचं. रिकामी भरली सहाशे चाळीस. कचरूची टायरगाडी, हलकी. रिकामी भरली चारशे तीस. पुंजारामनं दोन्ही वजाबाक्या तोंडीच केल्या. भिवाचा ऊस सोळाशे सत्तर, कचरूचा सतराशे पन्नास.

"बघा," पुंजाराम म्हणाला, "ऐंशी किलो कचरूचा जास्त निघाला."

सर पावतीकडं बघत राहिले. मग जरा हट्टानंच म्हणाले, "पण पुंजाराम, तुम्ही इथं वीस वर्षं बसलात. अनुभवी माणूस. तुम्हीच 'सांगता येत नाही' म्हणालात तर गाडीवान हसत नाहीत तुम्हाला?"

पुंजाराम हसला. "नवीन आल्तो तवा मी बी गाडी बघूनच ऊस सांगायचो. लोक वा वा करायचे. पर चारदा तोंडघशी पडलो, सर. अंदाज कुणी बी सांगतंय. आपल्या हातात काय हाये अन् काय न्हाई ते बघून 'आत्ता सांगता येत न्हाई' म्हणायचं, त्याच्यासाठीच तर कारखाना मला पगार देऊन राह्यला."

सरांना पुस्तकातलं ते पहिलं गणित आठवलं. त्यांनी पिशवीतून कागद काढला, खिशातला पेन काढला आणि पावतीबुकावरच टेकून लिहिलं : क्ष बरोबर एक. य बरोबर उणे पाच. क्ष मोठा आहे? आहे. क्षचा वर्ग एक. यचा वर्ग पंचवीस. मग क्ष पाच धरला आणि य एक. आता डावी बाजू मोठी. एकदा उजवी मोठी, एकदा डावी मोठी. माहिती तीच.

छपाईची चूक नव्हती. बाकीची सहाही याच जातीची, म्हणजे एकाही ठिकाणी नव्हती. सातच्या सात गणितांत पुस्तक बरोबर होतं आणि लाल शाई चूक होती.

"काय झालं, सर? घाम आला तुम्हाला. पाणी देऊ?"

"पाणी नको. घरी चला जल्दी," सर म्हणाले. ते 'जल्दी' त्यांच्या तोंडून कसं आलं ते त्यांनाच कळलं नाही.

कारखान्याच्या वसाहतीतली ती दोन खोल्यांची जागा. कांताबाई गोधडी पांघरून भिंतीला टेकून बसल्या होत्या, ताप उतरला होता. बेबीनंदा चुलीपाशी भाकरी थापत होती. हात धुऊन ती धावत आली. सर बसायलाही थांबले नाहीत.

"नंदा, तुझी वही आण. लहान-मोठ्याच्या गणितांची."

तिनं वही आणली. सरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. पहिल्या गणिताखाली शाईनं लिहिलं होतं, उत्तर ए. पण त्याच्या खाली कागद खरबरीत झाला होता. पेन्सिलीनं लिहून रबरानं खोडलेलं. सरांनी वही तिरकी केली. खोडलेल्या जागेत पुसट दिसत होतं : क्ष = २, य = -३. ४ आणि ९. सरांनी पान उलटलं. दुसऱ्या गणितात तेच. तिसऱ्यात तेच. सातही गणितं पोरीनं आधी बरोबर केलेली होती आणि नंतर सरांच्या सहीखातर खोडली होती.

"तुला माहीत होतं," सर म्हणाले.

बेबीनंदानं ओढणीला ओले हात पुसले. "सर, मला वाटलं माझंच काहीतरी चुकून राह्यलं. तुम्ही सही केल्ती ना."

शरदचंद्र सरांना आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती आणि, खरं सांगायचं तर, एवढा अभिमानही. जिच्यावर जीव टाकला तिला आपल्यापेक्षा जास्त दिसतंय, आणि आपणच तिच्या डोळ्यांवर लाल शाई ओतली. एकवीस तारखेला ही पोरगी त्या कॉम्प्युटरपुढं बसणार, स्वतःला दिसलेलं खोडणार आणि सरांचं उत्तर देऊन येणार. सहा दिवस हातात होते. तेवढं बरं होतं.

त्यांनी पुस्तक मागितलं, मागची पानं उघडली आणि सातही ठिकाणी आपल्या लाल काटेवर दुसरी लाल काट मारली. प्रत्येक ठिकाणी लिहिलं : 'पुस्तक बरोबर. चूक माझी.' आणि खाली सही, तीच, ठसठशीत. पुंजाराम दारात उभा राहून बघत होता. पुस्तकातलं इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण सरांची सही तो ओळखत होता.

"सर, राहू द्या की," बेबीनंदा म्हणाली.

"गप्प बस. आता ऐक. आजपासून अभ्यासाची रीत बदलली. मी गणित वाचणार आणि उत्तर सांगणार. तू मला खोटं पाडायचं. शून्य घालून बघ, अर्धा घालून बघ, उणे घालून बघ. भरलेली गाडी बघून फसायचं नाही, रिकामी गाडी काट्यावर आणायची. शोधूनही मी खोटा पडलो नाही, तरच माझं उत्तर खरं."

"तुम्हाला खोटं पाडायचं?"

"बिलकुल. मला ऐकू आलं पाहिजे, 'सर, चुकलात' म्हणून. मोठ्यानं."

पहिल्या दिवशी तिच्या तोंडून ते निघेचना. सर म्हणाले, क्षचा वर्ग क्षपेक्षा मोठा. ती नुसतीच पुटपुटली, अर्धा घातला तर पाव येतो. "मोठ्यानं!" सर ओरडले. दुसऱ्या दिवशी जरा आवाज फुटला. अठरा तारखेला तर सरांच्या ओसरीवरून 'सर, चुकलात!' असा आवाज एवढ्यांदा आला की शेजारची रजनी वकिलीण भिंतीवरून डोकावली. सर गादीला टेकून हसत होते आणि प्रेमलाबाई सांगत होत्या, "काही नाही हो. तीस वर्षांचं एकदम निघतंय."

एकवीस तारखेला सरांचा पाय घरात ठरेना. बेबीनंदा आपल्या काकासाहेब नावाच्या मामाबरोबर मुंबईला गेली होती आणि फोन काट्याच्या खोलीत करणार होती. अकरा वाजताच सर तिथं जाऊन बसले. पुंजाराम गाड्या काढत होता, पण त्या दिवशी त्यानं दोन पावत्या चुकवून परत लिहिल्या.

तीन वाजता घंटी वाजली. पुंजारामनं फोन उचलला, ऐकलं आणि सरांच्या हातात दिला.

"सर, गणितात सातशे नव्वद!" पोरगी ओरडत होती. "आठशेपैकी! अन् सर, तिसरंच गणित तसलं आलं. मी ए म्हणणारच व्हते, तेवढ्यात तुम्हाला खोटं पाडलं. उणे एक घातला अन् पलटलं. डी दिलं, सर!"

"शाब्बास," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला, जो बिलकुल मळलेला नव्हता.

पुंजारामनं खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडला, "आमच्या बेबीनंदाला सातशे नव्वद पडले! आठशातले!" भिवानं गाडीवरूनच पटका उडवला. ज्यांना ती परीक्षा कसली हे ठाऊक नव्हतं त्यांनीही बैल सोडून टाळ्या वाजवल्या. मग पुंजाराम मागं वळला. वजनाचा माणूस, त्याला तूट चटकन दिसते.

"पर सर, धा कुठं गेले?"

आठवड्यापूर्वीचे सर असते तर त्यांनी कॉम्प्युटरची चूक सिद्ध करून दाखवली असती. सर पुंजारामच्याच बोलीत म्हणाले, "सांगता येत न्हाई."

दोघं पोट धरून हसले.

हसू ओसरल्यावर पुंजारामनं पावतीबुकातली एक कोरी पावती फाडली आणि सरांपुढं ठेवली. "सर, ह्याच्यावर लिहून द्या. तुमच्या हातानं. लाल शाईनं. घरात लावतो."

सरांनी गाडीवानाच्या नावापुढं लिहिलं, 'बेबीनंदा पुंजाराम'. पहिल्या रकान्यात लिहिलं सातशे नव्वद. दुसऱ्यात रेघ ओढली आणि पेन तिसऱ्या रकान्यावर नेला. 'कोरं काही सोडायचं नाही,' हे त्यांनी तीस वर्षं पोरांना बजावलेलं. निव्वळमध्येही सातशे नव्वद लिहायला त्यांचा हात खाली आला.

पुंजारामनं हलकेच त्यांचं मनगट धरलं. सरांच्या अंगाला त्यानं आजवर पायांशिवाय कुठं हात लावला नव्हता.

"ती जागा राहू द्या, सर. पोरगी अजून लई लांब जायची हाये."

सरांनी तिसरा रकाना कोरा सोडला आणि खाली सही केली.